जहाजं रजिस्टर करणाऱ्या कंपनीची फुटबॉल टीम? मोनरोव्हियाच्या लिस्कर एफसीबद्दल कोणाला माहितीय का

गोदाकाठचा_गोलकीपर (गंगाखेड)

मंडळी राम राम. प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचून मग उत्तर द्या, नाहीतर अर्धं वाचून "आयएसएल बघ" म्हणणारे लगेच येतात.

आमचा गंगाखेडला पोरांचा फुटबॉल क्लब आहे, क्लब म्हणजे काय तर कॉलेजच्या ग्राउंडवर संध्याकाळी जमणारी पोरं, एका बाजूला फाटक्या जाळीचा गोल आणि दुसऱ्या बाजूला नुसते दोन बांबू. आता झालंय असं की इथले एक जिनिंगवाले शेठ, माणूस चांगलाय, स्वतःहून आले आणि म्हणले सगळ्यांना बूट देतो, जर्सीचे दोन सेट देतो, परभणी नांदेड संभाजीनगर कुठंही मॅच असली तर गाडी देतो, फक्त क्लबला माझ्या फर्मचं नाव लावा आणि नोंदणीचं बी मीच बघून घेतो. अर्धी पोरं नाचायलीत, अर्धी फुगून बसलीत, आणि दोघंबी माझ्याच डोक्याशी येऊन भांडायलेत.

त्याच्यात परवा रात्री जॉर्ज वेआबद्दल वाचत बसलो होतो. तोच, १९९५ चा बॅलन डी'ओर म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलरचा पुरस्कार मिळालेला, आफ्रिकेतला आजपर्यंतचा एकमेव, पुढं आपल्या देशाचा, लायबेरियाचा, राष्ट्राध्यक्ष झाला आणि २०१८ ला राष्ट्राध्यक्ष असताना ५१ व्या वर्षी १४ नंबरची जर्सी घालून नायजेरियाविरुद्ध मैदानात उतरला. म्हणलं ह्याच्या देशात सध्या लीग कशी चालते बघू, तर राजधानी मोनरोव्हियाच्या टीमांत नाव दिसलं लिस्कर एफसी. मला वाटलं एखाद्या मोहल्ल्याचं नाव असंल. शोधलं तर निघालं लायबेरियन इंटरनॅशनल शिप अँड कॉर्पोरेट रजिस्ट्री. म्हणजे जहाजांची नोंदणी करणारी कंपनी! आपल्या आरटीओनं टीम काढल्यासारखं झालं की हे. आणि त्याच लीगमध्ये ऑइलर्स नावाची एक, ती पेट्रोलियम कंपनीची.

तर ही कंपनी नेमकं करते काय, तिनं टीम कामून सांभाळली, आणि असल्या कंपनीच्या टीमांचं पुढं होतं काय? शेठला ह्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.


इंजिनरूम_नांदेड

गोलकीपर भाऊ, ह्यातलं मला कळतं कारण माझा पगार बरीच वर्षं ह्याच झेंड्याखाली झालाय. मर्चंट नेव्हीत इंजिनवर आहे, सध्या सुट्टीवर घरी.

कुठलंबी जहाज मागून बघा, नावाखाली एका बंदराचं नाव लिहिलेलं असतं, ते जहाज जिथं नोंदलेलं तिथलं. माझ्या बऱ्याच जहाजांच्या मागं मोनरोव्हिया लिहिलेलं होतं. ती अक्षरं नुसती रंगवलेली नसतात, वेल्डिंगनं कड उठवलेली असते म्हणजे रंग उडाला तरी आकार जात नाही, आणि परत रंगवायची वेळ आली की बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, पोरांना फळीवर बसवून मागच्या बाजूनं खाली सोडतो आणि ते त्या उठलेल्या कडेच्या आत ब्रश फिरवत बसतात. मालक ग्रीक, बांधणी कोरियन, क्रू आपला नाहीतर फिलिपिनो, आणि मागं मोनरोव्हिया. माझ्यासोबतच्या लोकांपैकी मोनरोव्हिया बघितलेला एकबी नव्हता. सर्टिफिकेटवर मात्र तिथलाच शिक्का.

हे असं कामून, तर लायबेरियानं १९४८ ला कायदा केला की कुठल्याबी देशाच्या मालकानं आमच्याकडं जहाज नोंदवावं, फी भरावी, टनेजवर टॅक्स भरावा, क्रू कुठलाबी घ्यावा. जहाजमालकांना स्वस्त पडतं आणि कटकट कमी, म्हणून रांगा लागल्या. आज पनामा आणि लायबेरिया ह्या दोघांत पहिल्या नंबरसाठी रस्सीखेच असते. खलाशांच्या युनियनवाले ह्याला सोयीचा झेंडा म्हणून शिव्या देतात, ते बी चूक नाही.

आता गंमत बघा, हे काम तिथलं सरकार स्वतः करत नाही. २००० पासून लिस्कर ह्या अमेरिकन कंपनीकडं ठेका आहे, ऑफिस अमेरिकेत व्हर्जिनियात. तुम्ही आरटीओ म्हणलात ते बरोबर, पण ठेकेदाराला चालवायला दिलेला आणि परदेशात बसलेला आरटीओ. कंपनी फी गोळा करते, सरकारचा वाटा सरकारला देते. यादवी चालू असताना बाकी सगळं बंद पडलं तरी हा पैसा येत राहिला, आणि तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या काळात ह्याच नोंदणीच्या पैशातून शस्त्रांची बिलं भागवली गेली असं युनोच्या तज्ज्ञ समितीनं २००१ च्या अहवालात लिहिलं. म्हणजे बंदुकीला बी तोच पैसा आणि पुढं फुटबॉलला बी तोच.

टीम कामून, तर माझा अंदाज सरळ आहे. ज्या गावाच्या नावावर तुम्ही जगभर धंदा करायलात त्या गावात तुमचं एकबी जहाज दिसत नाही, मग लोकांना दिसंल असं काहीतरी पाहिजे. फुटबॉलपेक्षा जास्त दिसणारं तिथं दुसरं काय आहे. खेळाचं बाकी आमखासवाल्याला विचारा, तो येईलच.


आमखास_लेफ्टविंग (संभाजीनगर)

आलो आलो. जरा लांबणार आहे.

लायबेरियात आधी कंपन्यांच्या टीमा मोठ्या नव्हत्याच. मोनरोव्हिया म्हणजे दोन क्लब, मायटी बॅरोल आणि इन्व्हिन्सिबल इलेव्हन, अर्धं शहर इकडं अर्धं तिकडं, वेआ दोघांकडूनबी खेळलाय. मग १९८९ पासून यादवी, मधी थोडी थांबली, परत १९९९ ते २००३. ह्या लोकांच्या क्लबांकडं पैसा यायचा कुठून तर तिकिटातून आणि चार मातब्बर माणसांच्या खिशातून, आणि लढाईत तिकीट कोण काढतंय अन् मातब्बर बी देश सोडून गेलेले. दोन्ही जुने क्लब नंतर खालच्या डिव्हिजनला घसरले. जागा रिकामी झाली तिथं ज्यांच्याकडं दर महिन्याला पगार द्यायची सोय होती ते आले. एलपीआरसी ऑइलर्स सरकारी पेट्रोलियम कंपनीची, अँकर्स म्हणून एक बंदर प्राधिकरणाची, आणि मग हे लिस्कर. २०१६-१७ ची लीग लिस्करनं मारली. लिस्करचा अध्यक्ष मुस्तफा राजी २०१८ ला देशाच्या फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष झाला, ह्याच्यावरून वजन किती असंल ते समजून घ्या.

ऑइलर्सची एक गंमत, कंपनीच्या नावात रिफायनिंग आहे पण रिफायनरी १९८० च्या दशकातच बंद पडली, तेव्हापासून कंपनी बाहेरून आलेलं तेल टाक्यांत साठवते. रिफायनरी गेली, टीम राहिली!

हा प्रकार तिकडच्या बऱ्याच राजधान्यांत आहे. बुर्किना फासोच्या वागादुगूला सोनाबेल, ती वीज कंपनीची. नायजरच्या नियामेला नायजेलेक म्हणून वीज कंपनीची आणि सोनिडेप पेट्रोलवाल्यांची. टोगोच्या लोमेला आणि सेनेगलच्या डाकारला बंदराची टीम. म्हणजे समजा महावितरण विरुद्ध जेएनपीटी अशी फायनल, आणि लोक तिकीट काढून बघायलेत. हसू नका, नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावानं हॉकी होते त्यात बी पोलीस, रेल्वे, सैन्य असल्याच टीमा येतात की, आणि आपण सगळे जाऊन बघतोच.

लागोसचं ज्युलियस बर्गर घ्या. ही पूल-रस्ते बांधणारी मोठी कंपनी, टीमला लोक ब्रिज बॉईज म्हणायचे. १९९१ ला त्यांनी नायजेरियाची लीग जिंकली, त्याच वर्षी डिसेंबरात राजधानी लागोसची अबुजाला गेली, आणि २००० ला परत लीग जिंकली. नंतर कंपनीचं नाव गेलं आणि क्लब ब्रिज एफसी झाला. आज तिथल्या नव्या पोरांना विचारलं तर कंपनी माहिती असंल, टीम किती जणांना माहिती असंल सांगता येत नाही.

घानातलं ओबुआसी राजधानी नाही पण उदाहरण सोडवत नाही. सोन्याच्या खाणीचं गाव, खाणीची टीम, आधी गोल्डफिल्ड्स आणि मग अशांती गोल्ड. १९९४, ९५, ९६ सलग तीन लीग आणि १९९७ ला आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची फायनल, मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या राजा नावाच्या क्लबविरुद्ध पेनल्टीवर हरले. नंतर क्लब खाणीच्या हातातून खासगी माणसाकडं गेला, आणि २०२१ ला एक मॅच ७-० झाली ती फिक्स निघाली. त्या मॅचला हाशिम मुसा नावाच्या समोरच्या डिफेंडरनं मुद्दाम स्वतःच्याच गोलमध्ये दोन मारले आणि म्हणला मला आधीच कळलं होतं स्कोअर किती ठरलाय, तो मोडायला मारले. २०२२ ला असोसिएशननं क्लब थेट खाली ढकलला. कंपनी होती तोपर्यंत शिस्त होती असं कोणी म्हणंल, मी म्हणतो ज्याची टीम त्यानं विकली तेव्हा गावाला कोणी विचारलं नाही, रोग तिथून सुरू झाला.

आणि लांब कशाला जायलात, आपलंच बघा ना यार. पहिली नॅशनल लीग १९९६-९७ ची जेसीटी मिलनं जिंकली, फगवाड्याची, २०११ ला टीम बंद. महिंद्रानं २००५-०६ ची लीग जिंकली, २०१० ला बंद. पुण्यात तर लाईनच लागली होती, पुणे एफसी पिरामलांची, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर, आज कुठंय? भारत एफसी कल्याणी ग्रुपची, एकच हंगाम खेळली. डीएसके शिवाजियन्सचं सांगायलाच नको, बिल्डरच अडचणीत आला. मग आयएसएलवाली एफसी पुणे सिटी २०१९ ला गुंडाळली आणि ती जागा हैदराबादला गेली. एवढ्या टीमा एका शहरातून गेल्या आणि कोणी एक मोर्चा काढला नाही, कारण कोणाला वाटलंच नाही आपलं काही गेलं म्हणून.


गोदाकाठचा_गोलकीपर

बापरे, हे तर घाबरवायलेत भाऊ. पण मग लिस्करचं काय, मोनरोव्हियाच्या लोकांना ती आपली वाटते का नाही? तिथं राहिलेलं कोणी आहे का इथं?


लातूर_ते_लायबेरिया

हाय की. मी मोनरोव्हियात एका आयात-निर्यातवाल्याकडं अकाउंट्स बघतो. आधी मूळ दुःख सांगतो, ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथला मी, आणि हे शहर जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या राजधान्यांपैकी, वर्षाला साडेचार मीटरच्या वर पाऊस. जून-जुलैत कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, आई फोनवर विचारते पाऊस कसाय, काय सांगू तिला.

ह्या पावसाचा आणि फुटबॉलचा थेट संबंध आहे. शहराच्या मधलं मैदान म्हणजे अँटोनेट टबमन स्टेडियम, तिथं कृत्रिम गवत आहे म्हणून लीग चालते, मातीचं असतं तर अर्धं वर्ष नुसतं रोवणी करावं लागलं असतं. मोठं स्टेडियम पेन्सव्हिलला, सॅम्युएल डो ह्यांच्या नावाचं, तिथं देशाच्या टीमच्या मॅच होतात, लोन स्टार म्हणतात टीमला.

लिस्करची मॅच बघितलीय मी टबमनवर. केके करून गेलो, केके म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा, बजाज आणि टीव्हीएसच्याच असतात, वाळूजहून निघालेली रिक्षा मोनरोव्हियात माझ्या पुढ्यात उभी राहते तेव्हा मला तर जावई घरी आल्यासारखं वाटतं. आत गेलं की पाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या विकणाऱ्या पोरी, दाताने कोपरा तोडून प्यायचं. मी पहिल्या पायरीवर बसलो होतो, खेळाडू साइडलाइनला घसरला की त्या कृत्रिम गवतातले काळे रबराचे दाणे उडून अंगावर यायचे, घरी येऊन चप्पल झाडली तर मूठभर निघाले. खेळ चांगला होता, पासिंग स्वच्छ, पोरांच्या पायात धड बूट, फिजिओ बॅग घेऊन पळत येत होता, बाकी काही टीमांकडं बर्फाची पिशवी सोडून काही नसतं. पण स्टँड? माझ्या आजूबाजूला खेळाडूंचे भाऊ, मावश्या, मित्र, आणि दोन-चार जण जे कुठलीबी मॅच असली तरी येतात. ढोल एक होता, तो बी समोरच्या टीमचा.

आता हेच स्टेडियम काउंटी मीटच्या वेळी बघा. देशात १५ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, त्यांची दर वर्षी आपसात स्पर्धा होते, साधारण डिसेंबर-जानेवारीत, फुटबॉल असतं, बायकांचं किकबॉल असतं. निंबा आणि ग्रँड बासाचे लोक असे येतात की पोलीस वैतागतात. माझ्या ऑफिसातला वॉचमन, निंबाचा, लीगची मॅच कधी फुकट बी बघणार नाही, पण काउंटी मीटला सुट्टीसाठी माझ्याकडं अर्ज घेऊन आला आणि वर मलाच पिवळा टीशर्ट घालू नको म्हणून दम देऊन गेला. खेळाडू बरेचसे तेच असतात बरं का, लीगमध्ये खेळणारे. फक्त छातीवरचं नाव बदललेलं.

कोणी लिस्करला शिव्या देत नाही इथं, हे बी सांगतो. पोरांना विचारलं तर म्हणतात पगार वेळेवर येतो का ते महत्त्वाचं. प्रेम बॅरोलवर, पण सही जिथं पैसे मिळतील तिथं.


पेनल्टी_स्पेशालिस्ट (जालना)

तुम्ही सगळे मिळून त्या बिचाऱ्या जिनिंगवाल्याला खलनायक करायलात. अरे बाबांनो, बूट भेटायलेत तर घ्या! प्रेमानं बूट येत नाहीत. साधा स्टडवाला बूट बाजारात घ्यायला गेलं की कळतं.

वेआचं नाव घेतलंत ना, मग हे बी घ्या. वेआ परदेशात जायच्या आधी लायबेरियाच्या टेलिफोन कंपनीत स्विचबोर्ड टेक्निशियन होता. देशातला सगळ्यात भारी खेळाडू, क्लारा टाउनच्या झोपडपट्टीतला, आणि पोटासाठी टेलिफोनच्या वायरी जोडायचा. लोकांच्या प्रेमाचा क्लब होता ना इन्व्हिन्सिबल इलेव्हन, मग त्यानं पगार कामून नाही दिला पुरेसा? तिथून कॅमेरूनच्या क्लबला गेला, तिथून १९८८ ला मोनॅकोला कोच वेंगरकडं, मग गाडी सुटली. प्रत्येकाला वेंगर भेटत नसतो. बाकीच्यांना महिन्याच्या महिन्याला काहीतरी देणारी कंपनीच लागते. आपल्याकडं बी रेल्वे, एअर इंडिया, ओएनजीसी ह्यांच्या टीमा नसत्या तर किती पोरांनी खेळ सोडून शेती नाहीतर पानटपरी धरली असती.

टीम पाच वर्षं चालून बंद पडली तर काय वाईट, पाच वर्षं तर खेळली ना पोरं. नाव तर नाव. क्लबला सध्या तरी कुठं नाव आहे तुमच्या? आधी नाव तरी सांगा.


केजचा_रेडर

जालनाकर भाऊ, तुमचं म्हणणं मी बी असंच म्हणायचो. माझं वय आता साठीकडं आलंय, एक सांगतो, ऐकून घ्या.

आमच्या भागातल्या एका कारखान्याची कबड्डीची टीम होती, त्यात मी रेडर. हंगामी कामगार म्हणून आमची हजेरी गव्हाणीवर लागायची, सकाळी टाइम ऑफिसला जाऊन सही करायची आणि सरळ मैदानात. मोळ्या टाकणारे आमच्याकडं बघून दात-ओठ खायचे, त्यांचं बी बरोबर होतं. पण दिवस चांगले होते, सामन्याला जायला कारखान्याची जीप, गेस्ट हाउसवर मटण, चेअरमन स्वतः सामन्याला येऊन बसायचे. पार विदर्भापर्यंत जाऊन ढाली आणल्या आम्ही.

मग ऊस कमी झाला, दोन दुष्काळ झाले, कर्ज वाढलं, त्या सगळ्यात कोणाची चूक किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. आधी टीमची जीप गेली. मग हजेरी बंद, म्हणले तात्पुरती. मग पगारच थकले सगळ्यांचे, त्यात आमचं कोण ऐकतंय. शेवटी कारखाना अवसायनात निघाला आणि बँकेनं कुलपं लावली. आमच्या ढाली, करंडक, ग्रुप फोटो सगळं गेस्ट हाउसच्या काचेच्या कपाटात होतं ते आतच राहिलं. आम्ही चार जण मागायला गेलो तर तिथला माणूस यादी घेऊन बसलेला, त्यात "कपाट लाकडी एक, शोभेच्या वस्तूंसह" असं लिहिलेलं. म्हणला ही कारखान्याची मालमत्ता, तुमच्या नावाचा कागद दाखवा. कागद कुठून दाखवायचा, ढालीवर बी नाव कारखान्याचंच.

पैसे बुडाले त्याचं काही नाही वाटत, ते सगळ्यांचेच बुडाले. पण टीममधली पोरं नंतर परत एकत्र खेळलीच नाहीत. खेळायला कोणी अडवलं नव्हतं, मैदान होतं, पाय होते. नाव गेलं तसं कोणी कोणाला बोलवायचंच बंद झालं. ते लायबेरियावाले लोक जुन्या क्लबाचं नाव काढतात ना खाली घसरला तरी, ते कामून हे मला बरोबर समजतंय.

शेठचे बूट घ्या, मी नको नाही म्हणत. नाव देऊ नका.


शिट्टी_आणि_सनद (उमरगा)

मी कोर्टात वकील आणि रविवारी रेफरी, त्यामुळं थोडं कामाचं बोलतो. गोलकीपरराव, तुमच्या पोस्टमधली खरी अडचण नाव नाहीये, "नोंदणी बी मीच बघून घेतो" हे वाक्य आहे. जर्सीवर शेठचं नाव मोठ्ठं येऊ द्या, पाठीवर, छातीवर, बाहीवर, कुठंबी. पण संस्था कोणाच्या नावावर ते बघा.

सोपं आहे. सात जण लागतात, सोसायट्या नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था होते, महाराष्ट्रात सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली बी नोंद होते. घटना लिहायची, त्यात क्लबचं नाव, मालमत्ता म्हणजे बॉल-जाळ्या-ढाली संस्थेच्या, विसर्जन झालं तर कोणाकडं जाणार, हे स्पष्ट लिहायचं. रेडर काकांच्या ढाली ह्याच एका ओळीमुळं वाचल्या असत्या. जिल्हा फुटबॉल संघटनेत आणि तिच्यामार्फत विफाकडं म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेकडं क्लब नोंदवताना बी संस्थेचंच नाव टाका, फर्मचं नको, कारण स्पर्धेचा हक्क नोंदलेल्या नावामागं जातो. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली ती अशीच, जागा शहराची कधी नव्हतीच, मालकाची होती.

शेठसोबत वेगळा करार करा, स्टॅम्प पेपरवर, तीन हंगामांचा, त्यांनी काय द्यायचं आणि तुम्ही कुठं नाव लावायचं. सोडायचं असंल तर हंगाम संपल्यावर, मधीच नाही. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा, पैसा वगैरे कोणी सांगंल तर नादी लागू नका, खेडोपाडी खेळाच्या ट्रेनिंगला तो चालतो हे खरं, पण बंधन मोठ्या कंपन्यांना आहे, नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी असल्या हिशोबाच्या. जिनिंगवाल्या शेठला तो लागू असण्याची शक्यता कमी, ते खिशातून देणार आहेत, म्हणून त्यांचा मान राखून बोला.


इंजिनरूम_नांदेड

वकीलसाहेबांचं पटलं. आमच्याकडं बी तेच, जहाज विकलं की नवा मालक दुसऱ्या देशात नोंदवतो आणि मागचं मोनरोव्हिया ग्राइंडरनं घासून काढून दुसऱ्या बंदराचं नाव वेल्ड करतात, एका दिवसाचं काम. क्रूला कोणी विचारत नाही.


गोदाकाठचा_गोलकीपर

पेनल्टी भाऊ, नाव नाही म्हणला ते टोचलं राव. काल पोरांची बैठक घेतली, नावावरूनच दोन तास गेले, तीन नावं राहिलीत, सात जणांची यादी मात्र झाली. त्यात दोघांचे आधार कार्डावरचे पत्ते पुण्याचे निघाले, चालतं का वकीलसाहेब? आणि शेठला भेटायला जाताना कोणाला न्यावं, मी एकटा गेलो तर चहा पिऊन हो म्हणून येईन.


शिट्टी_आणि_सनद (उमरगा)

पत्त्याचं चालतं, पुरावा पाहिजे फक्त. शेठकडं जाताना दोघं-तिघं जा आणि कराराचा कच्चा मसुदा लिहून न्या, तोंडी बोलू नका. मसुदा मी पाठवतो, ईमेल मेसेजमध्ये टाका.


पेनल्टी_स्पेशालिस्ट (जालना)

आणि बुटांचे नंबर लिहून न्या सोबत, एकेकाचे. शेठ लोक सगळ्यांना आठ नंबरच आणतात.